फुटकळ माहितीचे वेड

कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद असतो, कोणाला जुनी नाणी. आम्हा चौघा-पाचजणांना लढायांतली फुटकळ माहिती जमवण्याचे वेड आहे. 'फुटकळ' हा शब्द आमचा नाही, इतिहासाच्या सरांचा आहे. महायुद्धाची कारणे आणि परिणाम विचारले की दहा गुण असतात. पण त्याच युद्धात पोलंडच्या एका तोफखाना-पुरवठा तुकडीत वोयटेक नावाचे अस्वल रीतसर शिपाई म्हणून दाखल होते, १९४४ साली इटलीत माँते कासिनोच्या लढाईत ते गोळ्यांच्या पेट्या वाहत होते आणि पुढे १९६३ मध्ये एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात वारले, ही माहिती पेपरात लिहून पाहा. अर्धा गुणही मिळणार नाही! सर म्हणतात, "हे सगळं चहाबरोबर ठीक आहे."

आणि ते खरेच चहाबरोबरच चालते. हॉस्टेलच्या मागे जी टपरी आहे तिथे शनिवारी संध्याकाळी आम्ही जमतो. माझा खोलीसोबती विमानांचा माणूस आहे. तृतीय वर्षातली एक ताई आगबोटी सोडून दुसरे बोलत नाही. ग्रंथालयात पुस्तके काढून देणारे काका येतात, त्यांना तारखा तोंडपाठ. आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार, ज्यांना सारे गाव नुसते 'सुभेदार' म्हणते, तेही पिशवी घेऊन बाजाराला आले की डोकावतात. नियम एकच. ज्याने आणलेली गोष्ट इतरांना ठाऊक नसेल त्याचा चहा बाकीच्यांच्या खर्चाने. ठाऊक निघाली तर त्याने सर्वांना पाजायचा. या नियमापायी माझ्या खोलीसोबत्याने पहिल्याच महिन्यात बरीच उधारी करून ठेवली. त्याने मोठ्या थाटात गाजराची गोष्ट आणली होती. इंग्रजांचे वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडू लागले तेव्हा ते गाजरे खातात म्हणून त्यांची दृष्टी तीक्ष्ण झाली आहे, असे सरकारने मुद्दाम पसरवले. खरे कारण होते विमानात बसवलेले रडार, आणि ते तर शत्रूला कळू द्यायचे नव्हते. गोष्ट चांगली, पण ती आम्हा चौघांनाही ठाऊक होती. चार चहा त्याच्या नावावर पडले.

ताईने मात्र एकदा सर्वांना गप्प केले. तिची गोष्ट आपल्या शेजारची, मुरगावची. युद्ध सुरू झाल्यावर काही जर्मन व्यापारी बोटी आणि एक इटालियन बोट मुरगाव बंदरात आश्रयाला येऊन राहिल्या. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे इंग्रजांना त्यांना हात लावता येईना. त्यांपैकी 'एहरेनफेल्स' या बोटीवरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात असा संशय होता. फौज पाठवावी तर तटस्थतेचा भंग. म्हणून कोण पाठवले? 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळातली, कचेऱ्यांत आणि व्यापारी पेढ्यांत नोकरी करणारी, पोट सुटलेली मध्यमवयीन मंडळी! कलकत्त्याहून गाळ वाहणाऱ्या एका जुनाट बार्जला, तिचे नाव 'फीबी', किनाऱ्या-किनाऱ्याने वळसा घालून आणले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री हे लोक एहरेनफेल्सवर चढले. ती बुडाली, बाकीच्या बोटी त्यांच्याच खलाशांनी बुडवल्या. हे सारे गुप्त असल्यामुळे या मंडळींना पदक नाही, शाबासकी नाही. गोष्ट कित्येक वर्षांनी उजेडात आली आणि १९८० मध्ये तिच्यावर इंग्रजी चित्रपट निघाला. ताई म्हणाली, "मुरगावला आमची सहल गेली तेव्हा गाइडनं मासे कुठं चांगले मिळतात ते सांगितलं, हे नाही सांगितलं."

त्या दिवशी सुभेदार हसले, पण लगेच म्हणाले, "यांच्यावर पिक्चर तरी निघाला. आमच्या माणसाला साहेब काय म्हणायचा माहीत आहे का? गणपत."

आम्हाला माहीत नव्हते. इंग्रज शिपायाला जसे 'टॉमी' म्हणत तसे मराठा पलटणीतल्या जवानाला 'गणपत' म्हणत. प्रेमाने म्हणत असतीलही. पण रामा, धोंडी, सखाराम, बाळू, सगळे गणपत! सुभेदारांचा त्या दिवशीचा चहा आम्ही दिला. मला मात्र तो नीट गेला नाही.

तेव्हापासून आमच्या गप्पांना जरा निराळे वळण लागले. सुभेदारांनी दोन नावे सांगितली, ती खरे तर आपल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवीत. नाईक यशवंत घाडगे, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि ते एकटे उभे राहिले, बाकीचे सारे ठार किंवा जखमी. ते तसेच धावत गेले. हातबाँबने गन आणि गनर उडवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी सोबत्यांना दोन खेपांत खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले आणि मग एकट्याने मशिनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला जखम होऊन बंदूक चालेना तेव्हा ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. शेवटी बांधावर चढून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हाताने बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांचे शव सापडलेच नाही, कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

यातली मला सर्वांत आवडलेली बाब लढाईतली नाही. टायबरच्या त्या खोऱ्यात माँतोने नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या गावकारभाऱ्यांनी आणि लष्करी इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या इटालियन मंडळींनी मिळून जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. कसले? तर सूर्यघड्याळाचे! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. माणगावला त्यांचा पुतळा आहे हे ओघानेच आले, तो आपला माणूस. पण ज्यांच्या भूमीवर तो लढला त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने त्याचे नाव शोधून काढावे, हे आमच्यासारख्याच कुठल्यातरी टपरीवरच्या वेड्यांचे काम असणार, अशी माझी खात्री आहे.

आता माझी पाळी. मी ज्या गोष्टीवर चहा जिंकला ती पहिल्या महायुद्धातली, मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकातली. टायग्रिस नदीच्या एका वळणात कूत-अल-अमारा हे गाव आहे. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन तिथे ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य होते, पण ते अख्खे. जवाचे पीठ करणार कशावर? तेव्हा एका तेलाच्या इंजिनावर गिरणी बसवण्यात आली आणि तिच्यासाठी जात्याचे दगड विमानातून टाकण्यात आले.

ही ओळ मी ग्रंथालयात वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरी जाते आहे. आता त्यावर कोणी दळत नाही, पण लग्नघरी त्याला हळदीची पाच बोटे लागतात. ते उचलायला दोन माणसे लागतात. तसला दगड आभाळातून खाली येतो आणि खाली कोरेगाव, पाटण, खेड, चिपळूणची उपाशी पोरे वर बघत उभी आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले आणि हटेना. पुढे तर विमानांतून पोतीही टाकली गेली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पोचवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. पण त्यातून मिळाले ते हत्तीच्या तोंडात जिरे. घोडे कापले गेले, ते मांस आपल्या पुष्कळ लोकांनी कित्येक दिवस शिवले नाही. हिरव्या भाजीविना हिरड्या सुजल्या. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री २७० टन अन्न भरून 'जुल्नार' नावाची आगबोट तुर्कांच्या रांगांमधून पळवत आणण्याचा प्रयत्न झाला. नदीत आडव्या बांधलेल्या तारेच्या दोरात ती अडकली. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, फौजेने हत्यारे खाली ठेवली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला.

खोलीसोबत्याने विचारले, "त्यातले आपले किती मेले? त्यांची नावं कुठं आहेत?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधायला मला तीन महिने लागले. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेले भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. त्यावर शिपायांचीही नावे कोरली आहेत. पण इराकातल्या बसरा येथे १९२९ मध्ये जे प्रचंड स्मारक उभारले, चाळीस हजारांहून जास्त माणसांचे, त्यावर इंग्रज शिपायाचे नाव आहे, भारतीय अधिकाऱ्याचे नाव आहे, आणि भारतीय शिपाई? पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. 'आणि इतर इतके भारतीय सैनिक.' बस्स. युरोपात मेला तर नाव, बसऱ्यात मेला तर आकडा! हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. ज्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने ही स्मारके बांधली त्यानेच एप्रिल २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल काढून हे मान्य केले आणि क्षमा मागितली. निदान एक लाख सोळा हजार माणसे, बहुतेक आफ्रिकी, भारतीय आणि इजिप्तची, नावानिशी स्मरली गेलीच नाहीत, असे त्या अहवालात आहे.

बसरा हा शब्द मला पुस्तकातून कळलेला नाही. तो आमच्या घरातला शब्द आहे. माझ्या खापरपणजोबांचे एक भाऊ 'बसऱ्याला गेले' ते परत आले नाहीत. त्यांचे नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. त्यांना सगळे 'बसऱ्याचे आबा' म्हणतात. कोणत्या तिथीला गेले ते ठाऊक नाही, म्हणून पितृपंधरवड्यात त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. लहानपणी मला वाटे, बसरा हे माण तालुक्यापलीकडचे एखादे गाव असेल आणि आबांना तिकडे चांगली जमीन मिळाली असेल!

आमच्या गावात, चावडीच्या भिंतीत, एक संगमरवरी पाटी आहे. तशी ती आपल्या जिल्ह्यातल्या आणि कोकणातल्या पुष्कळ गावांत आहे. यात्रेला चावडीला चुना लागतो तेव्हा तिलाही लागतो, निवडणुकीत तिच्यावर कागद चिकटतात. मी दिवाळीत ओल्या फडक्याने आणि बाभळीच्या काटकीने तिची अक्षरे मोकळी केली. या गावातून ३८ माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी ६ जणांनी प्राण दिले, अशा अर्थाचा मजकूर आहे. इथेही आकडाच. शेजारचे अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. आमचे सहा. त्यांतले एक आमचे आबा.

स्मारकावर आकडा असला तरी आयोगाच्या दप्तरात बऱ्याच जणांची नोंद आहे आणि आता ती कोणालाही पाहता येते. नाव, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख, आणि नशीब असेल तर अमक्याचा मुलगा, राहणार तमुक गाव, जिल्हा सातारा. पण ते लिहिले आहे साहेबाच्या कारकुनाने, जसे ऐकू आले तसे. जाधवांचे कुठे जादव होते, कुठे यादव. शिंद्यांचे सिंदे होते. गावांची नावे तर विचारू नका. एखाद्या परदेशी संशोधकाने ती नोंद पाहिली तर असे गाव नकाशात नाही म्हणून तो सोडून देईल. आपण मात्र ते मोठ्याने वाचावे. दोन-तीनदा, जरा घाईत, जरा गावठी उच्चाराने. मग एकदम कळते, अरे, हे तर आपल्या ओढ्यापलीकडचे! मी व्याकरणात कच्चा आहे असे मराठीचे सर म्हणतात, पण या कामी माझा गावठी उच्चार फार उपयोगी पडला. ग्रंथालयातल्या काकांनी मला एक जाड वही दिली आणि 'परत नको' म्हणाले. ताईने तालुक्यांचे जुने नकाशे मिळवून दिले. खोलीसोबत्याने विमाने सोडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माझ्याबरोबर नावे वाचली. सुभेदार पलटणींचे जुने क्रमांक समजावून सांगत.

आमच्या गावच्या सहांपैकी चार मला सापडले आहेत. त्यांची नावे इथे देत नाही, कारण त्यांतल्या दोघांच्या घरी अजून सांगायचे आहे आणि ते प्रथम त्यांच्या ओसरीवर सांगावे असे मला वाटते. उरलेले दोघे आमच्याच भावकीतले, एकाच आडनावाचे. एक १०३ व्या पलटणीतला, वेढा उठण्यापूर्वी गेलेला. दुसरा ११० व्या पलटणीतला, त्याच वर्षी नंतर गेलेला, म्हणजे बहुधा कैदेत. यांतले आमचे आबा कोणते?

मी सुट्टीत घरी गेलो आणि आजीपुढे वही उघडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतात. मी तिथे नेमके काय करतो, याची आजीला नेहमी शंका असते. "एवढ्या लांब जाऊन राजांच्या गोष्टीच वाचतोस ना?" असे ती म्हणते. मी दोन्ही नावे वाचली, त्यांच्या बापांची नावे वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "माझी सासू सांगायची, म्हातारी दर बाजाराच्या दिवशी वेशीपर्यंत जायची. पेन्शन घरी आली तरी जायची. पण नाव घ्यायची नाही. लेकाचं नाव घेतलं की रडू येतं, म्हणून मग कोणीच घेईना."

वडिलांनी मार्ग सुचवला. सुगी झाली की आमच्या गावाला हेळवी येतो. त्याच्या चोपडीत भावकीची वंशावळ आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. बापाचे नाव जुळले की आबा कळतील. माझ्या सरांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "हेळव्याच्या चोपडीतलं ते पान नीट उतरवून घे. तारीख घाल. आणि मला दाखव."

हा लेख छापून येईल तेव्हा हेळवी येऊन गेलेला असेल किंवा वाटेवर असेल. गेल्या सर्वपित्रीला मात्र तो यायला अवकाश होता. आजीने सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या विचारले, "काय म्हणालास त्या दुसऱ्याचं नाव?" मी सांगितले. तिने केळीचे आणखी एक पान पुसून पहिल्याशेजारी मांडले.

"त्याच्या घरचे मुंबईला गेले ते तिकडचेच झाले," ती म्हणाली. "त्यांच्याकडं कोण वाढणार? आणि भात जवाचा नको हो. त्यांनी तिकडं लई खाल्ला असेल."